झरीची मोटर

परवा मी परभणीच्या माझ्या दुकानात बसल्या बसल्या घरची घरघंटी बंद केली. कारण काही नाही — हौस. नवा प्लग आणला होता. फोनवर बोट लावलं की घरातलं यंत्र बंद, पुन्हा लावलं की चालू. लावून बघितलं, फोनवरचं हिरवं चिन्ह लाल झालं, मला गुदगुल्या झाल्या आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिकडं सुनंदाची — म्हणजे माझ्या बायकोची — ज्वारी अर्धी दळून झालेली आणि घरघंटी मुकी. तिनं वायर हलवून बघितली, झाकणावर दोन धपाटे घातले, शेवटी मेकॅनिक बोलावला. त्यानं सगळी घंटी सुटी करून फरशीवर मांडल्यावर मला आठवलं. फोन केला तेव्हा मेकॅनिकच्या मिशीला पीठ होतं आणि बायकोच्या कपाळाला आठ्या.

ही चूक मी त्याच दिवशी कबूल केली. सोपं होतं. पीठच तर सांडलं होतं. पण या चुकीची एक थोरली बहीण आहे. ती मी कितीतरी वर्षं पोटात घेऊन फिरतोय — कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही. सुनंदाला नाही, माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुमची आणि दादाची गाठ पडायची नाही म्हणून असेल. माझ्या धाडसाचा आकार तेवढाच आहे.

आधी माझ्या हौसेबद्दल सांगू द्या. म्हणजे लगेच मुद्द्यावर यावं लागणार नाही.

माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पण ते पोटासाठी. जीव रमतो तो नव्या वस्तूंत. बाजारात नवं काही आलं की आधी माझ्या घरात बिघडतं आणि मग परभणीत चालायला लागतं. कुठलंही सॉफ्टवेअर फुकट वापरून बघा म्हटलं की मी बघणार, आणि मुदत संपली की घरात सुतक. झोप मोजणारं घड्याळ घेतलं. मी रात्रभर घोरायचो आणि ते रोज सकाळी सांगायचं, तुमची झोप शांत झाली. सुनंदा म्हणायची, "त्याला म्हणावं, एक रात्र माझ्या बाजूला झोपून बघ." पिकाचा फोटो काढला की रोग ओळखणारं एक ॲप आलं. ते घेऊन झरीला गेलो, आमच्या शेतात. दादाच्या सोयाबीनसमोर फोन धरला तर ॲप म्हणालं, हे झाड घरातल्या कुंडीत छान वाढतं. दादा डोक्यावरचा रुमाल काढून पोट धरून हसला. "आरं रम्या, त्याला म्हण एक डाव खुरपायला ये, मग कुंडी दाखव."

असा हा आमचा सदादादा. आणि दादाच्या बरोबर कायम असायचे ते शिवलिंगअप्पा.

अप्पा म्हणजे शेताचे शेजारी. आमची विहीर सामाईक — अर्धी आमची, अर्धी अप्पांची. मोटरही दोघांत एकच. एक दिवस पाणी दादाचं, एक दिवस अप्पांचं. वीज असेल त्या वेळी दोघं विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली बसायचे, अप्पांच्या थर्मासातला चहा प्यायचे आणि एकमेकांना नावं ठेवायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, आता हातघाईवर येतात. ती त्यांची मैत्री होती.

तर त्या मोटरीला मी एक डबा बसवला. सिमकार्डवर चालणारा. फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. आता गावोगाव आहेत असले डबे, पण तेव्हा झरीत तो पहिला. दादा त्याला हात लावायचा नाही. "मी हाय की चालू करायला. मला काय पाय न्हाईत का?" अप्पाही हातानंच बटण दाबायचे. म्हणजे तो डबा एकट्या माझ्या आनंदासाठी विहिरीवर लटकत होता.

त्या उन्हाळ्यात जिंतूरला सुनंदाच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो, दादा आणि वहिनीसुद्धा. अप्पा तेवढे झरीतच राहिले. दादानं त्या वर्षी पहिल्यांदा हळद केली होती. शिजवून, विहिरीच्या खालच्या अंगाला पसरून वाळत घातली होती. लग्नातही दादा ज्याला त्याला हळदच सांगत होता. नवरीच्या हळदीची गोष्ट निघाली तरी हा स्वतःच्याच हळदीवर यायचा.

आणि मी? मी मांडवामागं जनरेटरपाशी उभा होतो. करमत नव्हतं. फोन हातात होता. मनात आलं — इथून होईल का? जिंतूरहून? तुम्हीच सांगा, हातात असं बटण असताना न दाबणारा माणूस तुम्ही बघितलाय का? असतील. मी नाही. लावला फोन. तिकडून एका बाईचा गोड आवाज — आपली मोटर चालू झाली आहे.

काय सांगू तुम्हाला! मी जागच्या जागी हसलो. इतक्या लांब पाणी उसळलं आणि ते मी उसळवलं. लपवून काय उपयोग? माझ्या सगळ्यात सुखाच्या क्षणांची यादी केली तर तो क्षण वरच्या चार-पाचांत येतो. आजही येतो.

मग कुणीतरी हाक मारली. नवरा-नवरीचे फोटो पडद्यावर दाखवायचे होते, लॅपटॉप ऐकत नव्हता. "अहो कंप्युटरवाले पाव्हणे!" असं चारचौघांत कुणी म्हटलं की माझी छाती फुगते. गेलो. फोटो लागले. टाळ्या पडल्या. जेवलो. जिलबी दोनदा घेतली. मोटर? मोटर कुठं आठवायला!

परतीच्या वाटेवर, जीपमध्ये, फोन बघितला. दुपारचा एक निरोप येऊन पडला होता — वीज गेल्यामुळे मोटर बंद. दादा माझ्या शेजारी बसून पेंगत होता. तेव्हाच त्याला हलवून सांगायला हवं होतं. पण वाटलं, कशावरून काही बिघडलं असेल? पाटातून पाणी उसात गेलं असेल. चांगलंच झालं असेल.

पाट फुटला होता. पाणी हळदीतून वाहून गेलं होतं. वरची गोळा करून पुन्हा वाळवली, तरी बरीचशी काळी पडली. दादा उकिडवा बसून एकेक हळकुंड धोतराला पुसत राहिला. मग विचारलं, "मोटर कुणी चालू केली?" त्यानं आधी माझ्याकडंच बघितलं, हे सांगायला हवं. "रम्या, तुझ्या डब्यानं तर न्हाई ना?"

मी म्हणालो — "दादा, तो डबा माझ्या नंबरशिवाय कुणाचं ऐकत नाही. आणि मी तर लग्नात होतो, तुमच्याच बरोबर."

बघा. एक शब्द खोटा नाही त्यात. वर मी फोन काढला, भुवया गोळा केल्या, उगीच इकडं-तिकडं बोट फिरवलं आणि म्हणालो, "रेकॉर्डला काही नाही." हे मात्र खोटं. नोंद होती. ती मी विहिरीच्या कडेला उभा राहूनच पुसली. दादानं लगेच मान हलवली. कंप्युटरमधलं मला कळतं, यावर त्याचा विश्वास आहे ना!

मग राहिले कोण? हातानं दाबायचं बटण कुलपाच्या पेटीत; तिची एक किल्ली दादाकडं, दुसरी अप्पांकडं. अप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगितलं, मी दुपारभर घरी होतो, मोटरीला हात लावला नाही. दादा म्हणाला, "देवाला कशाला मधी घालतोस?" आणि संपलं. अप्पांनी स्वतःची वेगळी मोटर बसवली. एका विहिरीत दोन मोटरी, एका लिंबाखाली कुणीच नाही.

नंतर जे झालं त्याला हसावं की काय, मला अजून कळत नाही. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण बोलल्याशिवाय राहवतही नसे. दादा बैलाला सांगायचा, "चल रे, काही लोकांचा बांध आडवा आलाय." अप्पा कुत्र्याला विचारायचे, "काय रे मोत्या, यंदा बी हळद केली का कुणी?" दोघंही मला एकेकट्याला गाठून चौकशी करायचे, तो काय म्हणायलाय? मी दोघांचा निरोप्या झालो. माझा मान वाढला! सांगायला किती वेळा तोंड उघडलं असेल — आणि चहा पिऊन मिटलं.

मागच्या वर्षी दादानं फर्माईश केली: विहिरीवर कॅमेरा बसव. अप्पाचे उद्योग बघायचेत. मी कशाला नाही म्हणतोय? बोलणारा कॅमेरा आणला — इकडून फोनवर बोललं की तिकडं ऐकू जातं, तिकडचं इकडं येतं. लिंबावर बांधला. पहिल्याच दिवशी अप्पा आपली मोटर चालू करायला आले आणि झाडातून दादाचा आवाज आला, "कोन हाय रे तिथं?" अप्पांनी आधी आभाळाकडं बघून हात जोडले. मग कॅमेरा दिसला. मग जे सुटले! "खाली उतर की मर्दा! झाडावर बसून बोलायलास व्हय, वानरावानी!"

तेव्हापासून रोज. दादा घरी बाजेवर फोन घेऊन, अप्पा झाडाखाली थर्मास घेऊन. शिव्या, पाऊस, भाव, सुना, गुडघे — सगळं. विचारलं तर दादा म्हणतो, "मी कुठं त्याच्याशी बोलायलोय? मी कॅमेऱ्याशी बोलायलोय." माझ्या फोनवरही दिसतं ते. दुकानात एकटाच हसतो, गिऱ्हाइकं माझ्याकडं बघतात.

गेल्या आठवड्यात अप्पा चहा न ओतता कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. हात गळ्याशी होता. म्हणाले, "सदा, तुझी हळद गेली. दुसऱ्या वर्षी आली परत. मी लिंगावर हात ठेवला आन् तू मानलं न्हाईस, ते माझं आलं का परत?"

दादा म्हणाला, "मग काय भुतानं चालू केली मोटर?"

"ते मला काय म्हाईत?" अप्पा म्हणाले.

मला माहीत होतं. माझ्या फोनवर बोलायचं बटण होतं, अंगठा त्याच्यावर होता. साऱ्या जगाची बटणं दाबत हिंडणारा मी — ते दाबलं नाही.

मोटर मी चालू केली. नोंद मी पुसली. अप्पा खरं बोलत होते, हे पहिल्या दिवसापासून एकट्या मला ठाऊक होतं. दादा रागावेल याची भीती होती म्हणावं, तर तीही फार नव्हती. दादा हसेल आणि पुन्हा माझ्या कुठल्या डब्यावर विश्वास ठेवणार नाही, याची होती. बस, एवढ्यासाठी.

हे सगळं फोनवर टाइप करून काल संध्याकाळी सुनंदाला वाचायला दिलं. घरघंटीपाशी ती हसली, जिलबीपाशी हसायची थांबली. वाचून झाल्यावर तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. मी म्हणालो, "आत्ता दोघंही असतील कॅमेऱ्यावर. सांगून टाकू का, मधेच बोलून?"

तिनं फोन माझ्या हातात दिला नाही. म्हणाली, "त्यातून नगा सांगू. त्यात तुमचं तोंड दिसत न्हाई त्यांना."