पात्र नसलेली शाळा

जागृतीला नोकरी लागली तेव्हा तिचे वडील चिंधू वर्ध्याच्या कापूस मार्केटात हमाली करत होते. त्या दिवशी ते गाड्या उतरवून आले आणि अंगावरची रुई न झटकता, पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीभर फिरले. "पोरगी मास्तरीण झाली," एवढंच सांगत सुटले. नेमणुकीच्या आदेशावर 'विनाअनुदानित तत्त्वावर' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ चिंधूंना कळला नाही. जागृतीला कळला होता, पण तिनं सांगितला नाही. सरकारचं अनुदान आलं की पगार सुरू होणार, तोवर संस्था देईल ते घ्यायचं. तोवर म्हणजे वर्ष-दोन वर्षं, असं सगळेच म्हणायचे. पुढं चिंधू वारले, जागृतीचं राकेशशी लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जाऊ लागली, तरी ते 'तोवर' काही संपलं नाही.

शाळा वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या पुढं, जिथं प्लॉट पडलेत आणि घरं अजून उभी राहताहेत तिथं होती. पाचवी ते दहावी. दोन-तीन खोल्या पक्क्या, बाकीच्यांवर टिनं. ती घरं बांधणारे मजूर, तयार झालेल्या फ्लॅटमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाया, हंगामात कापसाच्या जिनिंगवर जाणारी माणसं, अशांची लेकरं या शाळेत यायची. वस्तीत सरकारी शाळा होती, पण चौथीपर्यंतच. पाचवीला एक तर मोठा रस्ता ओलांडून जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं, नाही तर इथं यायचं. त्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक धावायचे, म्हणून आयाबाया लेकरांना इथंच घालत.

तरीही उन्हाळ्यात शिक्षकांना दारोदार फिरावं लागे. वर्ग भरले नाहीत तर अनुदान येणार नाही, हे संस्थेचे सचिव अण्णाजी दरवर्षी बजावत. अण्णाजी सिंदीकडचे शेतकरी. वडिलांच्या नावानं त्यांनी ही शाळा काढली होती. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला शिक्षकांच्या हातावर काहीतरी ठेवायचा आणि ठेवताना स्वतःच खाली बघायचा. जागृती सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घ्यायची आणि राकेश रेल्वे स्टेशनवर ऑटो चालवायचा, त्यावर घर चालायचं.

असंच एका उन्हाळ्यात फिरताना ती शकुबाईंच्या दारात गेली. शकुबाई चार घरची भांडी करायच्या. त्यांची नात समीक्षा चौथी पास झाली होती. पोरीची आई गेलेली, बाप पुण्याकडं कुठल्याशा कंपनीत. दोघीच राहायच्या.

"खिचडी भेटते का तुमच्या शाळेत?" शकुबाईंनी पहिलं तेच विचारलं.

"अजून नाई, आजी. संस्थेनं अर्ज केला आहे. होईन सुरू."

"तसं असन तं ठीक आहे. चौथीवरी भेटे तिले. मी सकायीच कामावर निंगतो, माह्या येण्याले तीन वाजते. डबा नाई होत मायाकून."

"होईन, होईन," जागृती म्हणाली आणि समीक्षाचं नाव लिहून घेतलं. ते बोलताना ती अगदीच खोटं बोलत नव्हती. अर्ज खरंच केलेला होता.

शाळा सुरू झाल्यावर ती त्या अर्जाचं काय झालं ते विचारायला पंचायत समितीत गेली. पोषण आहाराचं काम बघणारे रूपराव नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज काढून पुन्हा वाचला.

"मॅडम, तुमची शाळा बसत नाई ह्याच्यात. सरकारी पाह्यजे, नाई तं अनुदानित. थोडंसं का होईना अनुदान असतं, तरी काई करता आलं असतं."

"पण साहेब, लेकरं तीच आहेत ना. मागच्या वर्षी चौथीत खातच होती."

"लेकरू पात्र आहे, मॅडम. शाळा पात्र नाई."

ते कुत्सितपणे बोलले नव्हते. उलट त्यांनाच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "एकदा मोठ्या साहेबाईले भेटून पाहा," असंही ते म्हणाले. साहेब मीटिंगला गेलेले होते. जागृती पुन्हा गेली, तेव्हा ते दौऱ्यावर होते. नंतर एकदा भेटले आणि त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

मग शिक्षकांनी मिळून ठरवलं, आपणच करू. अण्णाजींनी शेतातली तुरीची डाळ आणि तांदळाची पोती पाठवली. जागृतीची आई मीराबाई घरची शेगडी घेऊन टिनाच्या खोलीत येऊन बसू लागली. ती सगळ्या लेकरांना नातवंडांसारखी दटावायची. "सांडू नोको, आधी बस खाली," असा तिचा आवाज मैदानापर्यंत यायचा. पावसाळाभर खिचडी शिजली. समीक्षा तर वाढायलाही मदत करायची, आणि तिला दुसऱ्यांदा लागायचीच.

दसऱ्याच्या सुमारास तांदूळ संपला. अण्णाजींची सोयाबीन त्या वर्षी पावसात गेली होती, त्यांच्याकडं पुन्हा मागायला कुणाची जीभ रेटेना. मीराबाईचे गुडघे सुजले, तिला शेगडीजवळ बसवेना. एक-दोन आठवडे शिक्षकांनी आपापल्या घरून थोडं थोडं आणलं, आणि मग ते बंद पडलं. बंद झालं असं कुणी लेकरांना सांगितलं नाही. ती बरेच दिवस दप्तरात ताटल्या आणत राहिली. वर्गात कुणी दप्तर हलवलं की ताटली वाजायची आणि जागृतीचं शिकवण्यावरून लक्ष उडायचं. "आज नाई का, मॅडम?" कुणीतरी विचारायचं. "आज नाई," ती म्हणायची. दिवाळीनंतर ताटल्या यायच्या थांबल्या.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांचा कार्यभार जागृतीकडं आला. पगार नसलेल्या शाळेचं मुख्याध्यापकपद कुणालाच नको होतं. त्याच पावसाळ्यात बातमी आली की अनुदानासाठी शाळांची तपासणी होणार. शिक्षकांच्या खोलीत कितीतरी वर्षांनी हसण्याचे आवाज आले. भूपेंद्र सर वरच्या वर्गांना गणित शिकवायचे आणि रात्री एका पेट्रोल पंपावर काम करायचे. त्यांनी सगळ्यांसाठी समोसे आणले. अण्णाजी स्वतः येऊन सांगून गेले, "बाई, प्रत्येक वर्गात पोरं पुरी पाह्यजेत. तपासणी होईस्तोवर एकबी टीसी बाहेर जाऊ द्याची नाई."

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो असल्याशिवाय दुसऱ्या शाळेत नाव लावायला आडकाठी करतात, हे वस्तीतल्या लोकांना ऐकून ठाऊक होतं. त्यावर सही आता जागृतीची चालायची.

आठवडाभरात शकुबाई आल्या. दारातच चप्पल काढून उभ्या राहिल्या.

"मॅडम, समीक्षाचा दाखला पाह्यजे होता. रोडपल्याडच्या शाळेत टाकतो तिले."

"काऊन, आजी? चांगली शिकून राह्यली ना ती."

"शिकते. पण दुपारची उपाशी राह्यते. घरी येते तं हातपाय गळलेले. तिथं खिचडी भेटते."

"आणि रस्ता?"

"रस्त्याचं भेव वाटते. मंग काय करू?"

जागृती म्हणाली, "आज शिक्का नाई आजी. उद्या या."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, अण्णाजींना विचारावं लागेल. तिसऱ्या खेपेला म्हणाली, साहेब यायचे आहेत तपासणीला, ते होऊ द्या. शकुबाई भांडल्या नाहीत. कामावरून परतताना यायच्या, ऐकून घ्यायच्या, "बरं" म्हणायच्या आणि जायच्या. त्यांचे हात भांड्यांच्या साबणानं पांढरे पडून भेगाळलेले असायचे. चौथ्यांदा त्या आल्या तेव्हा जागृती वर्गात होती. तिनं खिडकीतून त्यांना मैदान ओलांडून येताना पाहिलं आणि तिला पंचायत समितीचा जिना आठवला. रूपरावांनी निदान खुर्ची तरी दिली होती. आपण या बाईला एकदाही बसा म्हटलेलं नाही.

तिनं शकुबाईंना ऑफिसात बसवलं, दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला.

"मागच्या वर्षी मी तुमाले खिचडी होईन म्हणून सांगतलं होतं," ती म्हणाली.

"तुमी तं केलीबी होती," शकुबाई म्हणाल्या. "तुमच्या मायनं केली. आता रोज रोज कोण करन, बाई?"

वस्तीत अशा गोष्टी लपत नाहीत. दोन दिवसांनी आणखी तिघीजणी आल्या, मग एक बाप आपल्या दोन पोरांसाठी आला. एकीला दिल्यावर दुसरीला नाही कसं म्हणायचं? जागृती सह्या करत गेली. सहावीचा वर्ग अर्धा रिकामा झाला, पाचवीतली आणि सातवीतलीही पोरं गेली.

भूपेंद्र सरांनी तिला ऑफिसात गाठलं. दार त्यांनी लोटून घेतलं, पण आवाज बाहेर गेलाच.

"मॅडम, हे तुम्ही काय करून राह्यल्या? चार महिने फक्त. चार महिने थांबवता आले नसते ते लेकरं?"

"उपाशी थांबवू?"

"आमचे लेकरं काय जेवत नाईत का? तुम्ही एकटीच्या मनानं..." ते बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जागृतीला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यानंतर भूपेंद्र सर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

अण्णाजी मात्र रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही केलं ते समजते मले. पण मी ह्या लोकाईले आता कोणतं तोंड दाखवू?"

घरी तिनं राकेशला सगळं सांगितलं. "तू सही नसती केली तं झोप लागली असती का तुले?" त्यानं विचारलं.

"तशीबी कुठं लागते?" ती म्हणाली.

तपासणी झाली. आलेले अधिकारी भले होते, घाईत होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी निकाल आला. आठवी ते दहावीला अनुदान मंजूर झालं. सुरुवातीला थोडंच, पण मंजूर. पाचवी ते सातवीचा पट अपुरा म्हणून ते वर्ग वगळले गेले. जागृतीची नेमणूक खालच्या वर्गांवर होती, ती वगळल्यात गेली. भूपेंद्र सर अनुदानात बसले. त्यांनी त्या दिवशी पेढे आणले, पण तिच्यासमोर पुडा धरताना त्यांचा हात थांबला. तिनंच पुढं होऊन एक पेढा उचलला.

अनुदान आल्यामुळं शाळा आता पोषण आहारालाही पात्र झाली, मात्र फक्त आठवीपुरती. नववी-दहावीला ते कुठंच नसतं, आणि खालचे वर्ग अनुदानात नव्हते. तांदूळ आला, एक बाई शिजवायला आली, आणि मधल्या सुट्टीत आठवीची पोरं व्हरांड्यात रांगेनं बसली. पाचवी-सहावी-सातवीतली उरलेली पोरं खांबांजवळ उभी राहून बघत होती. कुणी काही मागितलं नाही. आठवीतल्या एका मुलीनं आपल्या बहिणीला खुणेनं जवळ बोलावलं आणि ताटलीतली एका बाजूची खिचडी तिच्याकडं सरकवली. वाढणाऱ्या बाईनं जागृतीकडं पाहिलं. मोजून तांदूळ आलेला, वाढलं तर उद्या कमी पडणार.

"वाढा त्याइले," जागृती म्हणाली. "उद्याचं उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी खिचडी पातळ झाली. तिसऱ्या दिवशी अजून पातळ. आठवीची पोरं कुरकुरू लागली, आणि तीही उपाशीच घरून आलेली असायची. असं फार दिवस चालणार नाही हे तिला दिसत होतं. वर्ष संपायला थोडेच आठवडे राहिले होते, म्हणून तेवढं निभलं.

परीक्षा झाल्यावर ती अण्णाजींकडं सिंदीला गेली. खालचे वर्ग बंद करू या, असं तिनं स्वतः सांगितलं.

"म्हणजे तुमची जागा..."

"जागा कुठं होती, अण्णाजी?"

त्यांनी तिला वरच्या वर्गांना तात्पुरतं शिकवायची गळ घातली. अनुदान वाढेल, पुढं पद निघेल, असं म्हणाले. ती "पाहतो" म्हणाली, पण परतीच्या एसटीत बसतानाच तिला कळलं की आपण त्या वर्गांवर जाणार नाही. रडू आलं नाही. नुसतं अंग जड झालं होतं.

नवं वर्ष सुरू झालं त्या सकाळी ती उरलेल्या पोरांना घेऊन मोठ्या रस्त्याशी उभी राहिली. राकेशनं ऑटो आडवा लावून ट्रक थांबवले, पोरं एकमेकांचे हात धरून पलीकडं गेली. या रस्त्यासाठी एक मोठं माणूस रोज लागणार, हे तिनं पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या. शकुबाईंनी संध्याकाळची पाळी घेतली होती.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल्यांचं काम दुपारपर्यंत चाललं. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी तिला बसवून घेतलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरं ताटल्या घेऊन पळाली. त्यांच्यात समीक्षाही होती. वर्षभरात उंच झालेली. ती मैत्रिणींच्या घोळक्यात होती, तिनं हात हलवला आणि रांगेत घुसली.

"मॅडम, तुम्हीपण जेवा," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या. "आम्हाला रोज चव पाहावीच लागते."

जागृती व्हरांड्यातच बसली आणि जेवली. मटकीची उसळ आणि भात होता. मीठ थोडं कमी होतं. तिनं ताटली धुतली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि उन्हात चालत घरी आली. संध्याकाळच्या शिकवणीची पोरं यायला अवकाश होता. पंखा लावून ती फरशीवरच आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. राकेश आला, त्यानं शिकवणीला आलेल्या पोरांना दारातूनच परत पाठवलं आणि तिला उठवलं नाही.