लाल दोऱ्याचे तीन फेरे

वहिनींना भाऊजी किती ओळखत होते, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे: फारसं नाही. एकाच जिन्याच्या वर-खाली दोघांनी एकेचाळीस वर्षं काढली. खाली दादा-वहिनी आणि लग्न होईपर्यंत त्यांची मुलगी, वर भाऊजी एकटे. पण वहिनींचा आवडता रंग कोणता, लहानपणी त्या कोणाला घाबरायच्या, दादा गेल्यावर एकट्या असताना कधी रडल्या का, यातलं काहीही भाऊजींना सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं नाही, वहिनींनी आपणहून सांगितलं नाही. घरात दोन कमी बोलणारी माणसं असली की घर सुरळीत चालतं, फक्त एकमेकांची माहिती होत नाही.

भाऊजींना ठाऊक होते ते वहिनींचे हात.

त्या हातांनी बत्तीस वर्षं विजेच्या मोटरी भरल्या. जळलेला पंप, जळलेला पंखा कारखान्यात यायचा. आतली काळी तार उपटून काढायची आणि नवी तांब्याची तार फेऱ्याला फेरा लावून भरायची, हे वहिनींचं काम. एक फेरा कमी पडला तर मोटर गरम, एक जास्त झाला तर खाचेत मावत नाही. त्यामुळे मोजायची सवय अंगात भिनलेली. घरी शेंगा सोलतानाही कोणी हाक मारली की एक बोट वर व्हायचं: थांबा, मोजतेय. आता शेंगा कोण मोजतं? पण विचारायची कोणाची टाप नव्हती.

भरलेली मोटर बाहेर पडायची ती कारखान्याचं लेबल लावून. याबद्दल वहिनी कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त एकदा बागेतून चालताना झाडांना पाणी देणाऱ्या पंपाजवळ त्या थांबल्या, त्याच्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "ही माझी."

"कशावरून?" भाऊजींनी विचारलं.

"आवाजावरून."

आणि पुढे चालू लागल्या.

काठ्यांचं सुरू झालं ते दादांच्या गळाच्या काठीवरून. दादांना मासे धरायचा नाद होता. सुट्टीचा दिवस त्यांचा तलावावर जायचा. ते गेल्यावर काठी बोळात खुंटीवर लटकत राहिली. वहिनी कामातून निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांचं लक्ष गेलं, की जिच्यातून दोरी ओवतात ती एक कडी सुटून लोंबते आहे. त्यांनी काठी खाली घेतली, कडीवरचा जुना दोरा ब्लेडने काढला, शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन कडी पुन्हा बांधली आणि काठी उजेडात धरली. मग उरलेल्या सात कड्यांकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, हे काय बांधलंय? ही गुंडाळी आहे का जखमेची पट्टी?"

संध्याकाळपर्यंत आठही कड्या नव्याने बांधून झाल्या होत्या.

महिन्याभरात स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीखाली आलं. बाजारातल्या गळाच्या दुकानातून पोकळ कोऱ्या काठ्या येऊ लागल्या, मुठीसाठी बुचाच्या चकत्या येऊ लागल्या. वहिनींनी स्वतः आयुष्यात एकही मासा धरला नाही. कोणी आग्रह केला तर म्हणत, "मासा बिचारा आपल्या कामात असतो, मी माझ्या." पण औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने दादांची काठी पाहिली आणि स्वतःसाठी एक मागितली. त्याचं बघून त्याच्या मेव्हण्याने, मग शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी. होता होता सहा काठ्या झाल्या.

भाऊजी पाणी खात्यात नकाशांवर अक्षरं काढायचे. अक्षर सुरेख, बाकी कशाचाच आत्मविश्वास नाही. वहिनींनी त्यांच्या हाती वही दिली. "मी सांगते, तुम्ही लिहा. माझ्या डोक्यात आहे ते माझ्याबरोबर जायला नको."

म्हणून भाऊजींनी लिहिलं. काठी आधी माणसाच्या हाताला लावून बघावी. मुठीचं मागचं टोक कोपराच्या जरासं पुढे यावं, नाहीतर दिवसभरात ते फासळीत टोचतं. प्रत्येक काठीला एक हट्टी बाजू असते. बूड टेबलावर टेकवावं, शेंडा एका तळव्यावर ठेवावा, दुसऱ्या हाताने मध्ये दाबून काठी हळूहळू फिरवावी. एका जागी ती आपोआप उडी मारून वळते. तिथे खडूने खूण करावी आणि कड्यांची रांग त्या खुणेवरून धरावी. "तिला जिकडे वळायचंय तिकडे वळू द्यायचं," वहिनी सांगत. "तुमच्या दादांना मी असंच सांभाळलं." हे वाक्य लिहायचं की नाही, भाऊजींना कळेना. शेवटी त्यांनी ते पेन्सिलीने लिहिलं.

पुढे लिहिलं: कड्या आधी चिकटपट्टीने लावाव्यात, काठी वाकवून दोरी कुठे काठीला घासते ते बघावं, घासेल तिथली कडी सरकवावी, मगच दोऱ्याला हात घालावा. दोऱ्यावरून द्यायचं इपॉक्सी, म्हणजे काचेसारखं घट्ट होणारं लुकण, दोन बाटल्यांतून अगदी सारखं घ्यावं आणि सावकाश ढवळावं. घाईने ढवळलं तर बुडबुडे धरतात. लावल्यावर काठी सहा तास फिरती ठेवावी, नाहीतर ते ओघळून एका बाजूला पोट सुटतं. फिरवायला वहिनींनी मोडक्या मायक्रोवेव्हची ताट फिरवणारी मोटर लावली होती. दहा सेकंदांत एक फेरा. ती मात्र त्यांना भरावी लागली नव्हती, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

आणि एक ओळ अशी लिहिली होती: दोरा जितका ताणता येईल तितका ताणावा.

मुठीच्या वर, सगळं झाल्यावर, वहिनी लाल दोऱ्याचे तीन फेरे घालत. बस, तेवढंच. नाव नाही, अक्षर नाही. पण ते फेरे घालताना त्यांचा चेहरा भाऊजींनी पाहिला होता. बागेतल्या पंपावर हात ठेवताना होता तोच.

कंपाउंडर एका दुपारी आला तेव्हा त्याच्या हातात काठीचे दोन तुकडे होते.

"ताई, मासा मोठा नव्हता हो," तो म्हणाला. त्यालाच चोरट्यासारखं झालं होतं. "मी झटकाही नाही दिला. कट्‌ आवाज झाला आणि वरचा भाग पाण्यात. मास्तर बरोबर होते, विचारा त्यांना."

वहिनींनी तुकडे घेतले. काठी बरोबर दुसऱ्या कडीच्या पायाखाली मोडली होती. "ठेवून जा," एवढंच त्या म्हणाल्या.

बातमीला पाय असतात. दुसऱ्या दिवशी गळाच्या दुकानाचा मालक दारात येऊन उभा राहिला. तसा तो वाईट माणूस नव्हता. वहिनींच्या काठ्या दुकानाच्या भिंतीवर लावायचं त्याने कबूल केलं होतं, आणि तो शब्द त्याला मोडायचाही नव्हता.

"बाई, तुमच्या हाताला तोड नाही," तो म्हणाला. "पण तलावावर आता लाल दोऱ्याची म्हटलं की लोक हसतात. असं करू, काठ्या मी घेतो. फक्त ते लाल फेरे नकोत. माझ्या दुकानाचं लेबल लावू. कोणाला कळायचंही नाही."

वहिनींनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. बत्तीस वर्षं लेबल दुसऱ्याचंच होतं, हे त्याला कुठून माहीत असणार?

"मला आठ दिवस द्या," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी सगळ्यांना घेऊन या. काठ्या टिकल्या तर लाल दोऱ्यासकट लावायच्या. नाही टिकल्या तर तुमचं लेबलही नको, मी काठ्याच करणार नाही."

तो गेल्यावर त्यांनी मोडक्या तुकड्यावरचा दोरा ब्लेडने अलगद सोडवला. कडी निघाली. तिच्या पायाखाली काठीवर बारीक खड्डा होता, कोणी नख रुतवावं तसा. त्यांनी खिडकीत जाऊन तो भाऊजींना दाखवला.

भाऊजींनी तो अंगठ्याने चाचपला. तोंडात मूग धरून बसायची सवय त्यांची जुनी. पण त्या दिवशी ते बोलले.

"वहिनी, ही कडी मला जरा तिरकी वाटली होती. इपॉक्सी लावायच्या आधी मी तिला अंगठ्याने सरकवून बघितलं."

"मग?"

"हलली नाही. जराही नाही."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मला वाटलं माझ्याच अंगठ्यात जोर नाही. आणि मी कोण तुम्हाला सांगणार?"

वहिनी कडी बोटांत फिरवत म्हणाल्या, "आमच्या कारखान्यातले मिस्त्री म्हणायचे, गुंडाळीत नख शिरता कामा नये. सैल गुंडाळी म्हणजे जळकी मोटर. मी तेच इथे आणलं. पण मोटरीत आत लोखंड असतं, भाऊजी. इथे आत हवा आहे. मी आवळत गेले आणि कडीचा पाय तिच्या अंगात रुतत गेला." त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "बत्तीस वर्षांत ज्याची शाबासकी मिळाली, तेच चुकलं की."

मग त्यांनी वही मागितली, ती ओळ शोधली आणि स्वतः आडवी रेघ मारली.

दुसऱ्या सकाळी भाऊजी पाच घरी जाऊन पाच काठ्या परत घेऊन आले. कोणाच्या दारात उभं राहून काही मागायचं म्हणजे भाऊजींची पाचावर धारण बसायची, पण गेले. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "माझी उत्तम आहे हो, कशाला उलगडता?" भाऊजी म्हणाले, "वहिनींनी सांगितलंय." तेवढं पुरलं.

मोडलेलीच्या जागी कोरी काठी घेतली. बाकी पाचांवरचं इपॉक्सी गरम हवेच्या झोताने मऊ करून खरवडलं, दोरा उलगडला. दोन काठ्यांवर खड्डे दिसले. त्या बाजूला टाकून त्यांच्याही जागी नव्या घेतल्या. प्रत्येक कडीचा पाय कानशीने घासून असा निमुळता केला, की बोटाला कुठे संपतो ते कळू नये. मग दोरा चढला, या वेळी ताण निम्मा. हे वहिनींना सर्वांत जड गेलं. हात आपोआप आवळायचे. मध्येच थांबून त्या बोटं झटकत आणि स्वतःलाच म्हणत, "सोड ना बाई."

आणि नवा नियम झाला. दोरा चढला की काठी भाऊजींपुढे यायची.

"मीच का?" भाऊजींनी विचारलं.

"कारण माझा हात मला खरं सांगत नाही, आणि तुमच्याइतका घाबरट अंगठा गावात दुसरा नाही. तुमच्याने कडी केसभर सरकली तर ताण बरोबर. नाही सरकली तर मी उलगडणार. आजपासून तुमचा अंगठा कामावर."

पहिल्या दिवशी त्यांनी दोन कड्या नापास केल्या. आवाज इतका बारीक होता, की वहिनींनी "काय?" असं विचारलं.

"हलत नाही," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी ब्लेड उचललं. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण दोन्ही कड्या तिने पुन्हा बांधल्या.

आठव्या दिवशी अंगणात सगळे जमले. वहिनींनी सहा काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, सहाही मुठींवर लाल फेरे. दोन लिटर पाण्याची बाटली भरून दोरीला बांधली होती.

"मासा एवढा नसतो हो तलावात," कंपाउंडर म्हणाला.

"मासा नसेल. शंका असते," वहिनी म्हणाल्या. "उचला तुम्हीच."

त्याने पहिली काठी घेतली. शेंडा वाकला, मग मधला भाग वाकला, काठीची कमान झाली. बाटली जमिनीवरून उठली, गुडघ्यापर्यंत आली, तिथे तरंगत राहिली. काठीतून आवाज नाही. वहिनी बाटलीकडे बघतच नव्हत्या. त्या दुसऱ्या कडीकडे बघत होत्या. दुसरी काठी, तिसरी, चौथी. सहावी दुकानदाराने स्वतः उचलली, खाली ठेवली आणि परत उचलली, जणू पहिल्यांदा नीट बघायचं राहून गेलं होतं. मग मुठीवरच्या लाल फेऱ्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "यावर बोट ठेवायला जागा नाही, बाई. भिंत तुमची."

"भिंत तुमचीच," वहिनी म्हणाल्या. "दोरा माझा. आणि कड्या यांनी पास केल्यात."

सगळे भाऊजींकडे वळले. भाऊजींनी अंगठा मुठीत लपवला. पण त्या संध्याकाळी जिना चढताना त्यांनी तो दोनदा उघडून पाहिला, हे खरं आहे.

पुढे चार वर्षं काठ्या होत राहिल्या. तलावावर लाल दोऱ्याची म्हटलं की आता लोक काठी हातात मागून घेत. वहिनींनी कौतुक अंगाला लावून घेतलं नाही. पण दुकानावरून जाताना त्या चालीत जराशा सावकाश होत आणि भिंतीकडे बघत. भाऊजी बरोबर असले की तेही सावकाश होत.

गेल्या वर्षी वहिनी दोन दिवसांसाठी मुलीकडे गेल्या आणि तिथेच दुसऱ्या सकाळी झोपेत गेल्या. टेबलावर मास्तरांच्या भावाची काठी अर्धवट होती. ती पुढे पूर्ण झाली. लाल फेरे पहिल्यांदा तिरके आले, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सरळ आले. ती काठी मास्तरांच्या भावाने नेली, आणि कोणी बांधली हे त्याने विचारलं नाही.

मुलीकडे निघायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊजी, दोरा सगळा चढवलाय. कड्या तेवढ्या बघून ठेवा."

"बघतो."

"हलल्या तर लाल फेरे घालून टाका."

"मी?"

"मग काय, त्या मायक्रोवेव्हच्या मोटरीला सांगू?"

"वाकडे आले तर?"

"उलगडायचे आणि परत घालायचे. आणि ते दूध बघा आधी, वर येतंय."

"बघतो," भाऊजी म्हणाले.