बियाची काकडी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा वजनमापे तपासणारा निरीक्षक होता. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे आणि ज्याचा काटा खोटा त्याची खरडपट्टी काढायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. गल्लीत सगळे त्यांना काटेसाहेब म्हणतात. नव्या भाडेकरूंना ते आडनावच वाटतं आणि भाऊजींनी कुणाची चूक दुरुस्त न केल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. मी त्यांची मेहुणी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहते. माझी खिडकी मागच्या बागेवर उघडते, तेव्हा पुढचं बरंचसं मी वरून पाहिलेलं आहे.

बाग कसली, परसच ते. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. पण निवृत्तीनंतर तपासायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून भाऊजींनी ते तपासायला घेतलं. वाफे दोरी लावून आखलेले. मुळ्याच्या दोन रोपांत एक वीत, कोबीच्या दोन रोपांत दोन. थंडीत मुळा, पालक, कोबी, टोमॅटो. पावसाळ्यात भेंडी, दोडकी आणि एक तांबडा भोपळा, ज्याचा वेल दरवर्षी कुंपण ओलांडून शेजारच्या शिंप्याच्या छपरावर चढतो. भेंडी एक दिवसाआड तोडायची, तिसऱ्या दिवशी ती जून होते. टोमॅटोला पाणी सकाळीच, तेही बुंध्याशी, पानांवर थेंब नको. मुळा उपटायला वाकतात तेही असे, की मुळ्याकडे परवाना मागताहेत.

हे सगळं ठीक. पण भाऊजींचा जीव होता तो काकडीत. थंडी सरता सरता सहा आळी करायची, प्रत्येक आळ्यात चार बिया, वर आल्या की त्यातलं एकच रोप ठेवायचं. सहा वेल, सहा मांडव. उन्हं तापली की काकड्या लागत, आणि मग रोज सकाळी चव बघण्याचा कार्यक्रम. हात धुवायचे, चूळ भरायची, प्रत्येक वेलाची एक काकडी देठाकडून चार बोटं कापायची. कडवटपणा असला तर तो देठाशी आधी कळतो. डोळे मिटून चावायचं आणि निकाल द्यायचा, ‘गोड’, ‘बरी’ किंवा ‘बाद’. मग दुसरी फोड ताईपुढे धरायची. "बघ." ताई खायची आणि म्हणायची, "छान आहे." हे ‘छान’ म्हणजे कागदावरच्या सहीखालची दुसरी सही. ती कुणी वाचत नाही.

हंगामाअखेर ज्या वेलाला सगळ्यात जास्त वेळा ‘गोड’ मिळालं, त्याची एक काकडी वेलावरच ठेवायची. ती पिवळी पडून पिकली की तिच्या बिया काढून, धुऊन, सावलीत वाळवून, राख लावून पुढच्या वर्षीसाठी डब्यात. बावीस उन्हाळे हे असं चाललं. बाहेरचं बी आणायचं नाही, आणि मागच्या वर्षीचं उरलेलंही ठेवायचं नाही. "उरलं म्हणजे निवडण्यात ढिलाई झाली," असं त्यांचं मत. ते बी कुठून आलं होतं मला माहीत नाही, पण बावीस वर्षांच्या निवडीनंतर ती काकडी गल्लीत प्रसिद्ध झाली होती. शिंपी म्हणायचा, साहेबांची काकडी मीठ मागत नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, पाऊस संपताना भाऊजींना ताप आला. बारा दिवस अंथरुणात होते. उठले ते हडकून, पण दोन आठवड्यांत पुन्हा दोरी लावून वाफे आखायला लागले. सगळ्यांना वाटलं, आजारपण संपलं. मला एकच गोष्ट जरा खटकली होती. एका सकाळी ताई चहात साखर घालायला विसरली. मी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. भाऊजींनी मात्र कप रिकामा करून खाली ठेवला आणि म्हणाले, "झकास." जो माणूस चमच्यातल्या अर्ध्या दाण्यावरून चहा परत पाठवायचा, तो! मला वाटलं आजारपणाने माणूस सुधारला. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांच्या आवाजावरून त्यांची भांडणं ओळखणारी मी, पण इथे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकडी नेहमीसारखी लागली. भाऊजींनी नेहमीसारखे डोळे मिटले, निकाल दिले, तिसऱ्या मांडवाचा वेल बियासाठी धरला. आणि यंदाच्या उन्हाळ्यात त्या बियाचे सहा वेल असे फोफावले की मांडव दिसेना. पानं हाताएवढी, काकड्या हिरव्यागार, सरळ, एकसारख्या. चवीला कडू. बावीस वर्षांत इतक्या लागल्या नव्हत्या, आणि भाऊजी खुशीत टोपली भरभरून गल्लीत वाटत होते.

कुणी म्हणून काही बोललं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. काटेसाहेबांना त्यांच्याच काकडीबद्दल सांगायचं कुणी? बाया हसून टोपलीतून दोन दोन घेत. शिंप्याने मला जिन्याखाली गाठून हळूच सांगितलं, "अहो, माझ्या शेळीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. शेळीने!" मी ताईकडे गेले. ती पोळपाट धूत होती.

"ताई, काकडी कडू आहे."

"मला माहीत आहे."

"मग सांग ना त्यांना."

"गप बस तू. त्यांना वाईट वाटेल."

मी गप्प बसले. पण आता वेल पिवळे पडायला लागले होते आणि पुढच्या वर्षीचं बी ठरायचं होतं. सहांपैकी एखादा तरी वेल बरा निघाला तर वाण टिकणार होता. पुन्हा कडूच निवडला तर बावीस वर्षांचं सगळं मातीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून त्या सकाळी मी मुद्दाम खाली उतरले.

भाऊजींनी हात धुतले, चूळ भरली. पहिल्या वेलाची काकडी कापली, डोळे मिटले, चावली.

"गोड."

फोड ताईपुढे गेली. ताईने खाल्ली, गिळली. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं तिच्या.

"छान आहे."

मी त्यांच्या हातातून तिसरी फोड घेतली, चावली आणि तिथेच थुंकले. "भाऊजी, विषासारखी कडू आहे ही! ताई खोटं बोलतेय, गल्ली खोटं बोलतेय, आणि तुम्ही काय खाताय तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?"

रागाच्या भरात बोलून गेले, आणि बोलल्या बोलल्या तो साखर नसलेला चहा आठवला.

भाऊजी सुरी हातात घेऊन उभे राहिले. मग ताईला म्हणाले, "खरंच कडू आहे?"

ताई जमिनीकडे बघत होती. "हो."

"आणि मागच्या वर्षी? तो तिसरा वेल?"

"तोही. एवढा नव्हता."

"मग छान का म्हणालीस?"

"तुम्ही आधी गोड म्हणालात म्हणून."

भाऊजी मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. मातीत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, ते नेहमी पाट घेत. "मला काही लागत नाही," ते म्हणाले. "त्या तापापासून. गोड नाही, खारट नाही, काहीच नाही. वाटलं येईल परत. मागच्या वर्षी निवडायची वेळ आली, तेव्हा म्हटलं, हिच्या तोंडाकडे बघून ठरवू. मी सगळ्यांनाच गोड म्हणायचो, आणि तू हसलीस की तो निकाल पक्का धरायचो."

"मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून हसत होते!"

"ते मला कसं कळणार?"

असे दोघं. चौतीस वर्षं दुकानदारांचे खोटे काटे शोधणाऱ्या माणसाने घरात बायकोच्या चेहऱ्याचा काटा केला, आणि तिने तो नवऱ्याच्या मनाप्रमाणे झुकवला. कुणाला बोल लावायचा? मला तेव्हा हसू येत होतं आणि भाऊजींची दयाही येत होती. खरं सांगायचं तर दया जास्त.

मला वाटलं आता ताई रडेल. ती रडली नाही, भडकली. काकडीवरून नाही.

"म्हणजे पावणेदोन वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवताय आणि तुम्हाला काही कळत नाही? तुमची भूक गेली म्हणून मी रोज तुमच्या आवडीचं करत होते. रोज विचारत होते, मीठ बरोबर आहे का. तुम्ही रोज ‘बरोबर’ म्हणत होता. काय खात होता तुम्ही?"

भाऊजींनी बराच विचार केला. खोटं सांगायची सवय त्यांना दोनच वर्षांची, ती त्यांनी तिथे मोडली. "गरम आहे एवढं कळायचं," ते म्हणाले. "आणि कुरकुरीत काही असलं तर ते. बाकी तू समोर बसलेली असायचीस म्हणून जेवायचो."

ताईने पदराने तोंड पुसलं आणि ती चूळ भरून आली. मग हात पुढे केला. "सुरी द्या."

उरलेल्या एकेका वेलाची काकडी तिने देठाकडून कापली, भाऊजी कापतात तशीच चार बोटं. दुसरी बाद. तिसरी बाद. चौथी तोंडात घातली तशीच बाहेर काढली. पाचवी बाद. भाऊजी उठून तिच्या मागोमाग एका वेलाकडून दुसऱ्याकडे जात होते, आणि प्रत्येक ‘बाद’ला त्यांचे खांदे थोडे खाली येत होते. सहावा वेल कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत, सगळ्यांत खुरटा. ताईने त्याची काकडी चावली आणि थांबली. आणखी एक तुकडा खाल्ला.

"ही कडू नाही."

"गोड आहे?" भाऊजींनी विचारलं.

"गोड नाही. जरा आंबटसर आहे."

"आंबटसर?" त्यांचा चेहरा पडला. "मग ती आपली काकडी नव्हे. आपली गोड होती."

"तुमची गोड होती," ताई म्हणाली. "मला ती गोडमिट्ट काकडी कधीच आवडली नाही. बावीस वर्षं आवडली नाही. काकडी कशी, जरा तोंडाला लागली पाहिजे. ही मला आवडली."

मी भाऊजींकडे पाहिलं. असा निकाल त्यांच्याविरुद्ध आयुष्यात कुणी दिला नसावा. ते त्या खुरट्या वेलाकडे बघत राहिले, मग ताईकडे, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते विचारलं जे बावीस वर्षांत फक्त ‘बघ’ म्हणून उरकलं होतं.

"आंबटसर म्हणजे नेमकी कशी? सांग मला."

ताई मातीत त्यांच्याशेजारी बसली, काकडीचे बारीक तुकडे करत. एक तुकडा त्यांना, एक स्वतःला, आणि प्रत्येक तुकड्याला ती सांगत होती, आधी काय लागतं, मग काय लागतं, साल कशी, बियांजवळ कशी. ते डोळे मिटून चावत होते आणि ऐकत होते. मला कुणी फोड दिली नाही. मी वर जाऊन खिडकी लावून घेतली.