तीन साइटी आणि बुधवारचं अंडं

अक्का म्हणाल्या, "तीन म्हंजे लई झाल्या. एक सांग. बाकीच्या दोन गेल्या उडत."

मी मान हलवली. शेअरबाजाराची माहिती देणाऱ्या तीन वेबसाइटींपैकी मला एक निवडायची होती. ती जे सांगेल त्यात अक्का आपले पैसे घालणार होत्या. ते पैसे त्यांच्या वारलेल्या मालकांच्या फंडाचे, म्हणजे त्यांच्या म्हातारपणाचे. आणि तिन्ही साइटींमधलं मला धड काही कळत नव्हतं, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली. दोन-तीन गावं, चार-पाच धंदे करत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत येऊन चिकटलो. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. माझं काम म्हणजे लोकांना खुर्ची दाखवायची, वेळ लिहायची, प्रिंट काढून द्यायची. पण गल्लीत मी 'कंप्युटरवाला' झालो होतो. कुठं क्लिक करायचं हे मला माहीत होतं. तिथं काय लिहिलंय ते वाचायला मात्र मी टेबलाखाली एक इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवलेला.

कोल्हापुरात पहिले सहा महिने मला वाटायचं, सगळे माझ्याशी भांडतायत. "काय पावणं, जेवलासा का न्हाय?" असं कुणी रस्त्यापलीकडून ओरडलं की आपलं काय चुकलं ते मी आठवायला लागायचो. "जेवलो जी," म्हटलं की हसायचे. "भंडारा? त्ये मध्य प्रदेशात येतंय न्हवं?"

अशात मला घर दिलं ते अक्कांनी. वाडा वगैरे नव्हे, त्यांच्या साध्या पत्र्याच्या चार खोल्या होत्या. एकीत त्या, उरलेल्यांत आम्ही भाडेकरू. त्या लिंगायत, माहेर पार सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळं मला 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे त्यांनी मला मऊभात भरवला. दवाखान्यात रांगेत त्याच उभ्या राहिल्या. माझ्या आईला कळलं ते मी बरा झाल्यावर. अशा बाईला 'मला जमणार नाही' म्हणायचं कुठल्या तोंडानं?

घरात त्यांचा नियम एकच होता. अंडं आणायचं नाही. टरफल जरी केरात दिसलं तरी खोली खाली.

तर झालं असं, की फंडाच्या पैशांची बँकेतली मुदत ठेव संपली आणि नवं व्याज ऐकून त्या खालीच बसल्या. गडहिंग्लजच्या दिरानं शेअरचं खातं उघडून दिलं. पण कुठला शेअर घ्यायचा विचारल्यावर तो म्हणाला, "वहिनी, ते नेटवर बघायचं असतंय."

"नेट तर तुझ्याकडंच हाय की," अक्का मला म्हणाल्या.

मी तीन साइटी शोधल्या. पहिलीवर प्रत्येक कंपनीपुढं चांदण्या होत्या, एकापासून पाचापर्यंत. दुसरीवर हाताची घडी घातलेला, हसणारा एक सुटातला गृहस्थ होता. तो 'घ्या' किंवा 'विका' एवढंच सांगायचा. या दोघींचे पंधरा दिवस फुकट, मग वर्षाची फी. तिसरी कायमची फुकट होती आणि दिसायलाही तशीच. पांढऱ्यावर काळे तक्ते, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, सल्ला कसलाच नाही.

"फुकट हाय त्यात काय दम आसणार?" म्हणून अक्कांनी तिसरी तिथंच बाद केली.

पहिलीवर आपल्या अटी घालून कंपन्या चाळायची सोय होती. दुपारी कॅफे रिकामा असताना अक्का येऊन बसल्या आणि स्थळ बघावं तशा सांगायला लागल्या. "कर्ज नको. घराणं जुनं पायजे. दरसाल हातावर कायतरी ठिवणारी. आन् भाव लई नको." मी एकेक भरत गेलो. शेवटचं बटण दाबलं तर पडद्यावर शून्य कंपन्या.

"मोडलं व्हय?"

"मोडलं नाही जी. अशी कंपनीच नाही म्हणते."

"माझ्या भाचीचं बी आसंच झालंय," अक्का म्हणाल्या. "जरा भाव वाढीव."

खरी पंचाईत पुढं होती. एकाच कंपनीला पहिली साइट साडेचार चांदण्या द्यायची आणि दुसरीतला गृहस्थ हसत हसत 'विका' म्हणायचा. खरं कोण बोलतंय हे कसं कळावं? मला झोप लागेना. पंधरातले सहा दिवस गेले तेव्हा एक युक्ती सुचली. जिची आतली खबर आपल्याला आधीच माहीत आहे अशी एखादी कंपनी दोघींना विचारायची. जी खरं बोलेल ती आपली.

शेजारच्या खोलीत पन्हाळ्याकडचा एक गडी राहायचा. एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यात मशीनवर होता. त्या कारखान्याचा शेअर बाजारात होता, हे मी त्याला सांगितलं तर तो ताडकन उठला. "आमची कंपनी इकायला काढलीया? आन् मला न्हाय सांगितलं?"

शेअर म्हणजे काय ते अर्धा तास सांगितल्यावर तो थंड झाला. मग मी विचारलं, "कंपनी कशी चाललीय?"

"बुडाली," तो म्हणाला.

"कशावरून?"

"दिवाळीपासनं कँटीनला बुधवारचं अंडं बंद केलंय. धा वर्षं चालू हुतं. अंडं गेलं म्हंजे कंपनी गेली, लिवून घे."

इतकी आतली खबर कुठल्या साइटीकडं असणार? मी धावत जाऊन पाहिलं. पहिली म्हणाली साडेचार चांदण्या. दुसरीतला गृहस्थ म्हणाला 'विका'. झालं! सुटातला माणूस खरा निघाला. मी अक्कांना सांगितलं. अक्कांनी तो गृहस्थ पडद्यावर नीट निरखला, "दात बरं हाईत," म्हणाल्या आणि फीचे पैसे पदराला बांधून ठेवले. शुक्रवारी भरायचे ठरले.

बुधवारी त्या कंपनीचा तिमाहीचा निकाल आला. नफा चांगला वाढलेला. शेअर उडाला.

गुरुवारी सकाळी मी कॅफे उघडून आधी दुसरी साइट लावली. गृहस्थ तसाच हाताची घडी घालून हसत होता आणि खाली लिहिलं होतं, 'घ्या'. कालचं 'विका' कुठंच नाही. पहिली साइट उघडली, तर तिथं भाव वाढला म्हणून दीड चांदणी उतरवलेली.  उद्या अक्का पैसे भरणार, आणि ते माझ्या शब्दावर.

दुसरा काही आधार नव्हता म्हणून मी बाद केलेली तिसरी साइट उघडली. तिच्यावर त्याच आठवड्यात कंपनीचा वार्षिक अहवाल आला होता. मांडीवर शब्दकोश घेऊन मी खर्चाच्या तक्त्याच्या ओळी एकेक करून लावत बसलो. चहा गार झाला. दोन गिऱ्हाइकं वेळ न लिहिताच निघून गेली. कच्चा माल, वीज, पगार, आणि त्याखाली 'स्टाफ वेल्फेअर'. वेल्फेअर म्हणजे कल्याण. या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा बराच कमी होता. आणखीही चार ठिकाणी अशीच कात्री लागलेली.

मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. अंडं इथं होतं! गड्याची खबर शंभर टक्के खरी, फक्त अर्थ उलटा. अंडं गेलं म्हणून कंपनी बुडाली नव्हती. अंडं आणि त्याच्यासारखे आणखी चार खर्च काढून तिनं नफा फुगवला होता. त्या दोन साइटींनी चांदण्या दिल्या, हसून दाखवलं, पण ही ओळ दाखवली नव्हती. एवढं मोठं काही आपलं आपण वाचायची माझी ती पहिलीच वेळ. आनंद सांगायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मी प्रिंटरलाच "बघ," म्हणालो.

संध्याकाळी अक्कांपुढं सगळं कबूल केलं. आठवी, शब्दकोश, मला काही कळत नाही हेसुद्धा. खोली सोडायला सांगतील म्हणून बॅगेत काय काय भरायचं याचा हिशेबही मनात झाला होता.

अक्कांनी आठवीकडं लक्षच दिलं नाही. त्या प्रिंट काढलेल्या कागदाकडं बघत होत्या. "म्हंजे लोकांच्या ताटातलं अंडं काढून घेटलं आन् नफा दावला?"

"तसंच दिसतं जी."

"आन् हितं मी पैसा ठिवू?"

गडी दारातच उभा होता. "अक्का, तुमास्नी तर अंडं चालत न्हाय की."

"माझ्या घरात चालत न्हाय. तुझ्या ताटात का न्हाय? दिवसभर उभा ऱ्हातोस की मशीनवर!"

फंडाचे पैसे दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले, मासिक व्याजाच्या योजनेत. माझ्या छातीवरचा धोंडा तिथं पोस्टाच्या खिडकीतच राहिला. साइटीच्या फीसाठी पदराला बांधलेले पैसे मात्र अक्कांनी सोडले नाहीत. अहवालाच्या मागच्या पानावर सभेची सूचना होती. ज्याच्याकडं शेअर आहे त्यानं यावं, विचारावं, असं मी शब्दकोशातून वाचून दाखवलं होतं. त्या पैशांतून त्यांनी दिराकरवी त्या कंपनीचे दहा शेअर घेतले. "मी जातो सभेला," म्हणाल्या. इथल्या बायका स्वतःबद्दल 'जातो, येतो' म्हणतात, तशा.

सभा एका हॉलमध्ये होती. दारावरच्या माणसानं माझ्याकडं बोट करून विचारलं, "हे कोण?"

"माझा कंप्युटर," अक्का म्हणाल्या. आम्ही आत गेलो.

अध्यक्षांनी बराच वेळ इंग्रजीत वाचलं. टाळ्या झाल्या. कुणाला काही विचारायचंय का, असं म्हटल्याबरोबर अक्का उठल्या. "साहेब, कल्याणाच्या खर्चातनं बुधवारचं अंडं का काढलासा?"

सेक्रेटरी अध्यक्षांच्या कानाला लागला. अध्यक्ष चांगले गृहस्थ असावेत, हसून म्हणाले, "मावशी, तुमच्या घरचं कुणी कामाला आहे का आमच्याकडं?"

"न्हाय."

"मग तुम्हाला अंडं आवडतं का?"

"शिवत बी न्हाय. पर मी मालकीण हाय. दहा शेअर हाईत माझं."

"विचार करू," अध्यक्ष म्हणाले. आम्ही वेफर्सचा पुडा घेऊन घरी आलो.

पंधरा दिवसांनी, बुधवारीच, गडी कामावरून आला तो थेट अक्कांच्या दारात. "अक्का, कुणी सांगितलं हुतं तुमास्नी सभेत 'शिवत न्हाय' म्हणायला? आजपासनं केळं चालू केलंय. केळं! आता जलमभर केळं!"

अक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तम्मा, फुडच्या सालचा सभेचा कागद कवा येतोय बघ त्या फुकटवालीवर."