भूगोलाच्या सरांची तीनशे पाने

आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांइतका कागदावर विश्वास ठेवणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा नसेल. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले, कुणी शपथेवर सांगितलेले, यांतले काहीच त्यांच्या लेखी पुरेसे खरे नसते. छापून हातात आले की खरे. बाहेर ऊन आहे की ढग, हे पाहायला ते खिडकीशी जात नसत, प्रिंटरशी जात. हवामानाचा अंदाज छापून, चष्मा लावून वाचत आणि मग टोपी घालायची की नाही ते ठरवत. कुणी मोबाईलवर 'शुभ सकाळ' पाठवली तर तिचीही प्रत निघे, गुलाबासकट. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, वनस्पतिशास्त्र शिकवणारा, तरी मलाही ते सरच म्हणत. "मोबाईलचं काय खरं हाय, सर? बोट लागलं की पळतंय. कागद कसा, ठिवला तितं ऱ्हातो."

एकदा मुलांना पाणपक्षी दाखवायला आम्ही भिगवणला निघालो. सरांनी सोळा कागद चिकटवून रस्त्याचा नकाशा केला होता. वाटेत वाऱ्याने एक कागद सुटून खिडकीबाहेर गेला आणि नेमके त्याच कागदावर भिगवण होते. गाडी थांबली, मासे तळल्याचा वास आला, समोर पाटीवर हातभर अक्षरांत गावाचे नाव, तरी सर जागचे हलेनात. "न्हाय सर, नकाशात हे गावच न्हाय. चुकलोय आपण." शेवटी मी हॉटेलात जाऊन चहा घेतला आणि गावाचे नाव छापलेले बिल आणून दाखवले, तेव्हा कुठे उतरले.

अशा माणसाच्या कॉलेजात, खर्च कमी करायचा म्हणून, प्राचार्यांनी छपाईला लगाम घातला. प्रत्येकाला यंत्रावर दाबायचा चार आकडी क्रमांक आणि महिन्याला पन्नास पाने. यंत्र अडवत नाही, पण मोजते, आणि जास्त झाली की महिनाअखेरच्या बैठकीत नाव वाचले जाते. ही सूचना मोबाईलवर आली, सरांनी तिची लगेच प्रिंट काढली. क्रमांक विसरू नये म्हणून तोही मोठ्या अक्षरांत छापला आणि प्रिंटरच्या झाकणावर चिकटवला. मी म्हणालो, "सर, हा लपवून ठेवायचा असतो." सर खळखळून हसले. "का ओ? आपल्या स्टाफमधी चोर हाय का कोन?" मीही हसलो.

आमची लासुर्ण्याला थोडी जमीन आहे आणि चुलत भावांशी वाटणीचा दावा चालू आहे. वकिलांनी सगळ्या कागदांच्या प्रती मागितल्या. माझी पन्नास पाने संपली होती. रस्त्यापलीकडे झेरॉक्सचे दुकान होते, मला वेळही होता. मग मी तसे का केले, हे मला अजून सांगता येत नाही. दुपारी स्टाफरूम रिकामी होती आणि झाकणावर ते चार आकडे होते. यंत्रातून तीनशे पाने निघेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो.

बैठकीत प्राचार्यांनी यादी वाचली. "भूगोल, तीनशे चाळीस." सगळे हसले. मला वाटले, सर आता चिडतील. ते टोपी हातात घेऊन उठले, यादी मागून घेतली, दोनदा वाचली. "छापलंय म्हंजे मीच काढली आसणार. मला आठवत न्हाय, येवढंच." मी मान खाली घालून वहीतली तारीख पुन्हा पुन्हा गिरवत बसलो.

त्या दिवसापासून सरांनी एक पानही छापले नाही. मात्र रोज मला विचारू लागले, "मी काल तास घेतला का ओ?" एकदा चहाचा रिकामा कप हातात धरून विचारले, "मी ह्यो प्यालो का?" मग रजेवर गेले. परवा सरांच्या पत्नीचा फोन आला. "भाऊजी, ह्यास्नी वाटतंय डोकं चालंना. राजीनामा लिवून ठिवलाय, सोमवारी देनार हायत. तुमास्नी कायतरी म्हाईत आसंल."

आज सकाळी मी सरांच्या गावी, निमगाव केतकीला गेलो. सर डाळिंबाच्या बागेत होते. झाडाझाडाला चिठ्ठ्या बांधलेल्या, 'पाणी दिले', खाली तारीख. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. सरांनी शांतपणे ऐकले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हनून बोलताय तुमी. लई चांगलं हाय मन तुमचं."

"सर, आईशप्पथ मीच काढली."

"यादीत तसं न्हाय, सर."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपे गेले असते. माझे खरे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. शेवटी मी विचारले, "मग मी काय करू?"

"तसंच आसंल तर छापून आना. वाचतो."

बांधावरून निघालो तेव्हा मागून हाक आली. "सर, पाठपोट छापा. कागद वाचंल."

घरी येऊन एकच ओळ लिहायला बसलो होतो, तिचे हे इतके झाले. उद्या सोमवार. सकाळी लवकर जाऊन माझ्या क्रमांकावर याच्या दोन प्रती काढणार आहे. एक प्राचार्यांच्या टेबलावर ठेवीन, दुसरी घेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभा राहीन. सर चष्मा घरी विसरले नाहीत म्हणजे झाले.