बदली नाकारण्याचा हक्क

गजभियेकाकांनी मला पहिल्या भेटीत विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "तात्याला ठेवावा का काढावा?"

सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या त्यांच्या घराचं बेसमेंट भाड्यानं मिळतंय का, हे विचारायला मी गेले होते. नोव्हेंबर होता, बाहेर तिथली नेहमीची भुरभुर चालू होती. दार उघडणारा माणूस पन्नाशीच्या बराच पुढचा, स्वेटरवर स्वेटर चढवलेला आणि कानाशी छोटा रेडिओ धरलेला. अमेरिकेत येऊन मला थोडेच दिवस झाले होते, पण तेवढ्यात भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसानं आधी माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव, आणि मग गप्प राहून मनातल्या मनात काय ते ताडलं होतं. या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. मला वाटलं, तात्या म्हणजे घरातलं कुणी म्हातारं माणूस आणि यांना ते जड झालंय. मी कळवळून म्हटलं, "ठेवा ना, काका. या वयात कुठं जातील ते?"

"ऐकलं का, शकुन?" ते आत बघून ओरडले. "पोरगी समजदार आहे. रूम देऊन टाक हिला!"

तात्या हा आमच्या शहराच्या बेसबॉल टीममधला कॅचर होता, हे मला सामान आणून टाकल्यावर कळलं. बॅटिंग करणाऱ्याच्या मागं उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. त्याची गुडघ्यांची दुखणी जुनी होती, म्हणून काकांनी त्याला तात्या केलं होतं. उंच बॉलर होता त्याचा लंबू झाला होता. खरी नावं काका कधी उच्चारत नसत. मला ती कळली तेव्हा कुणी परक्याच माणसांबद्दल बोलतंय असं वाटलं.

माणसाला क्रिकेटचं वेड असतं ते मी समजू शकते, माझ्या बाबांना ते होतं. पण काकांना बेसबॉलचं वेड नव्हतंच. उन्हाळ्यात मॅच चालू असताना ते टीव्हीसमोर चक्क घोरत, असं शकुनकाकू सांगत. सीझन संपून थंडी पडली, टीममध्ये कोण येणार, कोण जाणार, कुणाच्या बदल्यात कोण, याच्या बातम्या सुरू झाल्या की ते जागे होत. "मॅच कोणीबी पाहते, बेटा," ते म्हणत. "बदल्या पाहाव्या. खेळ उन्हाळ्यात असते, राजकारण हिवाळ्यात."

ट्रेड या शब्दाला ते बदलीच म्हणत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होई. अमेरिकेत येण्याआधी काका विदर्भात पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. साहेबाशी पटायचं नाही, कंत्राटदाराशी तर मुळीच नाही, त्यामुळे कुठंही दोन-तीन वर्षं झाली की बदलीचा कागद यायचा. मग काकूंच्या भावानं कागदपत्रं केली आणि ते इकडे आले. काऊंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सांडपाणी विभागात नोकरी लागली. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना ट्रेड म्हणजे काय ते समजावलं आणि काकांना एकदम आपलं गाव भेटल्यासारखं झालं. तेव्हापासून टीमचा मॅनेजर हा त्यांच्या लेखी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होता, मालक हा मंत्री, आणि मैदानावर काहीही घडलं तरी त्यामागं कुणाचा तरी मेहुणा असायचा.

"लंबूला टेक्सासला काहून पाठवून राहिले? तिथं बॉलरची जागाच रिकामी नाही! याचा अर्थ काय? याचा अर्थ, वरून फोन आला."

"काका, पैशांवरून असेल. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं असेल."

"तू पुण्या-मुंबईकडची आहेस, बेटा. तुला नाही समजणार."

हे असं रोज. सकाळी मी ऑफिसला निघाले की, संध्याकाळी घरी आले की, शनिवारी मी कपडे धुवायला टाकले की वॉशिंग मशीनपाशी उभे राहून. मला बेसबॉलचा कंटाळा येत नसे, काकांचा यायचा. शेजारी वॉल्ट नावाचा निवृत्त बस ड्रायव्हर राहत असे. तो जन्मापासून बेसबॉल बघत आलेला, त्याला खेळातलं खरोखर कळत होतं, आणि तोही दर शनिवारी गॅरेजमध्ये येऊन बसायचा. दोघं फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून तास न् तास भांडत. वॉल्ट म्हणायचा, "गॅज, इट्स बिझनेस!" काका म्हणायचे, "नो वॉल्ट, इट्स पॉलिटिक्स!" दोघांचं कधीही, कशावरही एकमत झालं नाही, आणि दोघांपैकी एकालाही त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते काकूंना. मधूनमधून भज्यांची प्लेट घेऊन त्यांनाच थंडीत गॅरेजमध्ये जावं लागायचं.

त्या हिवाळ्यात भांडण तात्यावरून होतं. दोन तरुण बॉलर घेऊन तात्याला पूर्वेकडच्या एका टीमला देऊन टाकायचं, असं घाटत होतं. वॉल्ट खूश होता. दुखऱ्या गुडघ्यांच्या बदल्यात दोन ताजे हात, अजून काय पाहिजे? काकांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. त्यांनी रेडिओवरच्या क्रीडाचर्चेच्या कार्यक्रमाला फोन लावला. निवेदकाला गजभिये म्हणता येईना, त्यानं 'गस फ्रॉम बॉथेल' करून टाकलं.

"सर, धिस इज पनिशमेंट पोस्टिंग!" काका फोनमध्ये गरजले. स्वयंपाकघरातल्या रेडिओतूनही तेच वाक्य थोडं मागून ऐकू आलं.

"पनिशमेंट व्हॉट, गस?"

काकांनी त्याला पाटबंधारे खात्यातली एक हकिकत सांगायला घेतली. ती कालव्यापर्यंत पोचते न पोचते तोच टायरची जाहिरात लागली. काकूंनी कपाळावर हात मारला. "सगळ्या सिएटलला ऐकवलं! आता मी इंडियन स्टोअरमध्ये कोणत्या तोंडानं जाऊ?"

याच दिवसांत काकांना एका नियमाचा शोध लागला, आणि घरातली उरलीसुरली शांतताही गेली. लीगमध्ये दहा वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची पाच वर्षं एकाच टीममध्ये काढलेला खेळाडू असेल, तर त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला ट्रेड करता येत नाही. तो नाही म्हणाला की विषय संपला. हे वॉल्टनं सहज सांगितलं. काका खुर्चीतून उठलेच.

"बदली नाकारायचा हक्क! ऐकलं का, शकुन? लेखी हक्क! आपल्याकडे असा कायदा असता ना, तर मी आज भंडाऱ्यालाच असतो."

तात्याची दहा वर्षं कधीच झाली होती. या टीममध्येही पाचाच्या वर. म्हणजे तात्या सुरक्षित. काका दोन दिवस हवेत होते.

आता यात सुजाताला आणलं पाहिजे. सुजाता ही काकांची एकुलती एक मुलगी. नवऱ्याबरोबर व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहायची, दोघंही कॉम्प्युटरवाले. तिला दिवस गेले होते, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, आणि ती रोज फोन करून म्हणायची, "आई-बाबा, प्लीज मूव्ह हिअर. घर विकून टाका. बाबा, तुम्हाला इथे जॉब मिळेल." काकूंना जायचं होतं. हे मला कळत होतं, वॉल्टलाही कळत होतं. फोन ठेवल्यावर काकू पदराला हात पुसत उगाच उभ्या राहायच्या. काकांनाच तेवढं दिसत नव्हतं, किंवा दिसून उपयोग नव्हता.

"मला काऊंटीत दहा वर्षं झाली," ते जाहीर करत. "या घरात पाच. बरोब्बर नियमात बसून राहिलो मी. आता मला ना कोणी साहेब हलवू शकत, ना मुलगी."

"डिलिव्हरी होईपर्यंत तरी जाऊ या ना, अहो."

"डिलिव्हरीला तू जा महिनाभर. राहायला म्हणशील तर माझी बदली होणार नाही. मी खूप बदल्या पाहिल्या."

मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, हा नियम खेळाडूंचा आहे, घरातल्या माणसांचा नाही." तर मला म्हणाले, "नियम चांगला असला की कुठूनबी घ्यावा." माझं डोकं भणभणायला लागलं होतं. माझी कंपनी मला लवकर दुसऱ्या गावी पाठवेल तर बरं, असं मनापासून वाटायला लागलं होतं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी काकू भाकरी थापत होत्या, मी कांदा चिरत होते, काका रेडिओ लावून बसले होते. बातमी आली. तात्या जाणार. नियमानं त्याला नाही म्हणता येत होतं, पण त्यानं हो म्हटलं. सही केली.

काका रेडिओ खाडकन बंद करून म्हणाले, "गाढव आहे! हातात हक्क होता आणि सोडून दिला! असे लोक असतात म्हणूनच साहेबलोकांचं फावते."

काकूंनी पिठाच्या हातानं रेडिओ परत चालू केला. मी त्या घरात राहायला आल्यापासून काकूंनी रेडिओला हात लावलेला हा पहिलाच प्रसंग. आत तात्या बोलत होता. आवाज अगदी साधा, शेतकऱ्यासारखा रांगडा. सांगत होता की त्याच्या बायकोचं माहेर तिकडचं आहे. आजवर टीमनं पाठवलं तिकडे तो गेला, आणि तो गेला तिकडे ती आली. कागदावर हक्क त्याचा असला तरी या वेळी त्यानं तिला विचारलं.

"समजलं?" काकूंनी विचारलं.

"ते वेगळं आहे, शकुन."

"काय वेगळं आहे?" काकूंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "भंडाऱ्याला मी झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवत होते. तुमची बदली गडचिरोलीकडे झाली, मी राजीनामा दिला. पोरी माझ्या मागं एसटी स्टँडपर्यंत आल्या होत्या. मग चंद्रपूर, मग यवतमाळ, मग डायरेक्ट अमेरिका. तुमची बदली दर वेळी सरकारनं केली. माझी कोणी केली, सांगा ना? माझी तुम्ही केली. मला तर कोणी कागदसुद्धा नाही दिला."

तव्यावरची भाकरी करपली. ती काढायला माझा हात पुढं झाला नाही.

पुढचे काही दिवस घरात बदली हा शब्द निघाला नाही. शनिवारी वॉल्ट नव्या कॅचरची खबर घेऊन आला, तर काका म्हणाले, "यू टेल, आय विल लिसन," आणि खरंच ऐकत बसले. वॉल्टनं मला बाजूला घेऊन विचारलं, "इज ही सिक?" मला काकांची दया आली नाही, खरं सांगते. मला काकूंच्या जागी माझी आई दिसत होती आणि माझा राग काका आणि माझे बाबा, दोघांवर मिळून होता.

रविवारी जेवताना काकांनी ताटाकडे बघत विचारलं, "शकुन, तुझं काय म्हणणं आहे? जायचं का राहायचं?"

काकू म्हणाल्या, "विचार करून सांगते."

मला वाटलं, तासाभरात सांगतील. त्यांनी घेतले तीन आठवडे. त्या आठवड्यांत काकांची जी दैना झाली ती कुठल्याही ट्रेडच्या मोसमात झाली नव्हती. काकूंनी सुजाताला फोन केला की दाराआडून ऐकत. काकूंनी बागेत नवीन गुलाब लावला तेव्हा धावत गॅरेजमध्ये गेले आणि वॉल्टला म्हणाले, "शी इज स्टेईंग!" दुसऱ्या दिवशी काकूंनी सुटकेस उन्हात टाकली, तर चेहरा पडला. वॉल्ट आणि ते आता काकूंवर चर्चा करत. काकू हे सगळं जाणून होत्या. त्या शांतपणे स्वेटर विणत आणि मला डोळा मारत.

शेवटी एका सकाळी चहा गाळताना त्या म्हणाल्या, "मी अ‍ॅशबर्नला राहायला जाते. कायमची. तुम्हाला इथं राहायचं असलं तर राहा. मी तुमची बदली करत नाही."

काका तसेच कामाला गेले. संध्याकाळी आले ते दुकानातून रिकामी खोकी घेऊन. कुणी विचारलं नसताना म्हणाले, "तिथं चांगली टीम नाही जवळपास. बाल्टिमोर आहे, पण त्यांचे साहेबलोक तर आमच्यापेक्षाही मूर्ख." एवढाच त्यांचा होकार.

मार्चमध्ये ते गेले. घर विकलं, मला दुसरीकडे खोली बघावी लागली. पुढं फोनवर बोलणं होत राहिलं. नातू झाला, त्याला जय भीम म्हणायला शिकवलं. काही वर्षांनी काका गेल्याचा निरोपही सुजाताच्याच फोनवरून आला. पण माझ्या डोळ्यांपुढं येतो तो निघण्याआधीचा रविवार.

काकू स्वयंपाकघरात खुर्ची टाकून चहा पीत बसल्या होत्या. काका जमिनीवर मांडी घालून वर्तमानपत्राचे कागद भांड्यांना गुंडाळत होते, आणि अखंड बडबडत होते. इतकी भांडी काहून जमवली, हा डबा कशाचा, या झाकणाचं पातेलं कुठं आहे, कपाला कागद आतून लावायचा का बाहेरून. बायको आजवर हे कसं करत आली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन कप त्यांनी फोडले. मला उठून मदत करावीशी वाटली, तर काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं. इतके महिने मला या माणसाचा राग आला होता. त्या दिवशी त्यांना कागदाच्या शाईनं हात काळे करून, घाम पुसत, रडवेल्या तोंडानं पोळपाट बांधताना बघितलं आणि माझा राग कुठं गेला कळलं नाही.

तेवढ्यात वॉल्ट दारात आला. टीमनं कुणाला तरी घेतलं होतं, खबर गरम होती.

"नॉट नाऊ, वॉल्ट," काका खोक्यातून मान वर न काढता म्हणाले. "आय अ‍ॅम वर्किंग."

काकूंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, रिकामा कप काकांपुढं सरकवला आणि म्हणाल्या, "हाही घ्या. पण आधी धुवा."