नलूवहिनीचं सीलिंग

आमच्या गल्लीला सोफ्यावर बसायला शिकवणारी बाई आज सकाळी गेली.

नलूवहिनी. शेजारीण, माझ्या मित्राची बायको. वेंगुर्ल्यात काजूचा मोठा व्यापार त्यांचा.

लिहायचाही कंटाळा आलाय आता. सारखं कुणीतरी जातंच आहे.

वहिनीच्या हॉलात जे येई, ते काही दिवसांनी गल्लीभर दिसे.
आधी गोव्याहून आणलेल्या वेताच्या पाठीच्या शिसवी खुर्च्या. मग त्या माळ्यावर गेल्या आणि सनमायका आला. मग काचेचं शोकेस. मग सोफा.

त्या सोफ्यावर बसून मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो.
"भावजी, कविता म्हणा, पण मागे टेकू नकात. क्रोशाचो रुमाल सरकता."

मित्र गेला त्या वर्षी पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलाने आईसाठी डिझायनर आणून फॉल्स सीलिंग करून घेतलं. गुळगुळीत, पांढरंशुभ्र. लोक बघायला येत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही माटवी काढली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट ती. तिला नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं-फुलं बांधायची.

वर बघतो तर टांगायला जागाच नाही. वासे सगळे सीलिंगच्या आड.

"आई, थर्माकोलचं मखर आणतो ना," मुलगा म्हणाला. "कालच काम पूर्ण झालंय."

"तुझ्या बापाशीन जल्मभर माटवी बांधल्यान. तेच्या पाठसून पयल्याच वर्साक गणपती उघडो बसवू?"



वहिनीने हातोडी आणून मुलाच्या हातात दिली.
"तू केलंस, तूच फोड."

तो स्टुलावर चढला. पहिला घाव बसला आणि सगळी पांढरी भुकटी माझ्या डोक्यावर.

वहिनी हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.
"भावजी, आता तुमी खरे म्हातारे दिसतास!"

माटवी टांगली. आरतीला मुलगा वरच बघत होता.

नंतर डिझायनरने कपाळाला हात लावला आणि त्या फोडलेल्या चौकोनाला सागवानी पट्टी मारून दिली. बाकी वर्षभर तिथून वासे दिसायचे. लोकांना वाटलं, हीच नवी फॅशन.

"वयनी, तो चौकोन केवढो गो?" एक शेजारीण टेप घेऊनच आली.
"आमच्या माटवीयेवढो."

पुढे गल्लीत सीलिंगं झाली, सगळी चौकोनासकट. काहींनी त्यात लाइट सोडले.

आज स्मशानातून परतल्यावर मुलगा जवळ बसला.
"काका, घर होमस्टेला द्यायचं म्हणतोय. एसी लावायचाय. तो चौकोन बंद करावा लागेल."

मी म्हटलं, "चतुर्थीपर्यंत थांब रे."

त्याने मान हलवली. पटलं म्हणून, की म्हाताऱ्याचा मान राखला म्हणून, कुणास ठाऊक.
हातोडी आणून देणारी बाई आता घरात नाही.

सुखान जा, वयनी.
आम्हा गल्लीकरांचा शेवटचा नमस्कार.